‘विनिञ’ ते ‘इस्तेरी’ : मलय भाषेतील पत्नीवाचक शब्दांचे एक प्रकरण

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात, पुरुष आपल्या आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहील आणि ती दोघे एकदेह होतील असे म्हटले आहे. इंडोनेशियातील ख्रिस्ती वाचक हे वचन १९५८ साली एकत्र छापलेल्या जुन्या भाषांतरात वाचतो, तेव्हा पत्नीसाठी त्याला ‘बिनी’ हा शब्द भेटतो; १९७४ च्या नव्या भाषांतरात त्याच जागी ‘इस्तेरी’ हा शब्द आलेला आहे. दोन्ही आवृत्त्यांमध्ये अवघे सोळा वर्षांचे अंतर आहे. तरीही आजच्या जकार्तातील किंवा क्वालालंपूरमधील शिकलेला माणूस जुने पान उघडून हे वचन वाचू लागला तर ‘बिनी’पाशी थबकतो, कारण हा शब्द त्याने बाजारात, चहाच्या टपरीवर, फार तर मित्रांच्या थट्टेत ऐकलेला असतो आणि धर्मग्रंथात तो त्याला अपेक्षित नसतो. आपल्याकडे एखाद्या गंभीर प्रवचनात अचानक ‘बाईल’ हा शब्द कानी पडावा, तसे काहीसे ते आहे.

या एका शब्दबदलाचे प्रकरण येथे तपासले आहे. जुना अनुवादक असभ्य होता काय, नवा अनुवादक सोवळा झाला काय, की मधल्या काळात शब्दांचीच पायरी बदलली, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न लिपीचा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. वसाहतकाळातील मलय कागद वाचताना ज्या रूपांना आपण वेगवेगळे शब्द समजतो, त्यांतील किती रूपे खरोखर वेगळी आहेत आणि किती केवळ डच व इंग्रज कारकुनांच्या दोन वेगळ्या सवयींची अपत्ये आहेत, असा तो प्रश्न.

उच्चाराविषयी आधी एक खुलासा करणे भाग आहे. मलय भाषेत (इंडोनेशियन हे तिचेच एक प्रमाण रूप) ‘ए’ या रोमन अक्षराने दोन स्वर लिहिले जातात. एक आपल्या ‘ए’सारखा आणि दुसरा आपल्या ‘अ’सारखा, तोंडातल्या तोंडात विरणारा, ज्याला तेथे ‘पपत’ म्हणतात. ‘इस्तेरी’ या शब्दातील स्वर हा दुसऱ्या जातीचा आहे, म्हणजे मराठी कानाला तो ‘इस्तरी’ असा ऐकू येईल. पुढे मी लेखनातील रूप दाखवण्यासाठी ‘इस्तेरी’ असे लिहिले आहे आणि इंडोनेशियात आज प्रमाण असलेल्या, मधला स्वर गाळलेल्या रूपासाठी ‘इस्त्री’ असे. मराठी वाचकाला यातून कपड्यांची इस्त्री आठवेल, तिचा येथे काही संबंध नाही. आपल्या त्या इस्त्रीचे मूळ पोर्तुगीज मानले जाते, आणि गंमत अशी की इंडोनेशियात कपड्यांच्या इस्त्रीला ‘सेत्रिका’ म्हणतात व तो शब्द डचांकडून आलेला आहे.

पालेम्बांगजवळचा दगड

‘बिनी’ किती जुना, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. दक्षिण सुमात्रातील पालेम्बांगजवळ तलांग तुवो येथे नोव्हेंबर १९२० मध्ये तेथील डच रेसिडेंट वेस्टेनेंक यांना एक शिलालेख मिळाला. शके ६०६, म्हणजे इ. स. ६८४ च्या मार्च महिन्यातील हा लेख श्रीविजय या तेथील प्राचीन राज्याचा अधिपती दपुंता ह्यांग श्री जयनास याने ‘श्रीक्षेत्र’ नावाचे उद्यान लावल्याच्या निमित्ताने कोरवला आहे. पल्लव वळणाच्या लिपीतील, जुन्या मलय भाषेतील चौदा ओळींचा हा मजकूर आहे. नारळ, पोफळ, ताड, साबुदाण्याचा माड आणि बांबू यांची नावे सांगून झाल्यावर त्यात या उद्यानाचा लाभ घेणाऱ्या सर्व प्राणिमात्रांसाठी शुभेच्छांची लांबलचक माळ ओवली आहे. त्यांना वाटेत अन्नपाणी मिळो, त्यांची शेते पिकोत, ग्रहनक्षत्रे अनुकूल असोत, नोकर सरळ वागोत, मित्र कपटी नसोत. आणि याच माळेत त्यांच्या बायकांविषयी एक छोटे वाक्य येते, ज्यात ‘विनिञ’, ‘अनुकूल’ आणि ‘भार्या’ हे तीन शब्द जवळजवळ बसलेले आहेत. अर्थ असा की, त्यांच्या ‘विनी’ त्यांना अनुकूल ‘भार्या’ ठरोत. पाठोपाठ त्या ठिकाणी चोरी, वध आणि परदारगमन न घडो, अशीही इच्छा आहे, आणि त्यासाठी वापरलेले ‘चूरि’, ‘वध’ व ‘परदार’ हे शब्द आपल्याला कोशाविना समजतात.

हे वाक्य मी अनेकदा परत वाचले आहे, कारण या प्रकरणाचा अर्धा निकाल त्यातच आहे. घरातली जी स्त्री आहे तिला लेखकाने देशी शब्दाने ओळखले आहे आणि तिने जे व्हावे त्यासाठी संस्कृत शब्द योजला आहे. ‘विनी’ ही वस्तुस्थिती आहे आणि ‘भार्या’ ही पदवी. देशी शब्दाला येथे कमीपणाचा स्पर्शही नाही. राजाच्या आज्ञेने कोरलेल्या पुण्यलेखात तो निःसंकोच उभा आहे. परंतु दोन शब्दांमध्ये कामाची वाटणी मात्र त्या वेळीच सुरू झालेली दिसते, आणि पुढे हजार वर्षांनी जे घडले त्याचे बीज या वाटणीत आहे.

‘विनी’ पाहून भारतीय वाचकाला ‘वनिता’शी नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. त्या काळातील कोरक्ये ‘ब’च्या जागी ‘व’ लिहीत. ‘बुलान’ म्हणजे महिना हा शब्द ‘वुलन’ असा, ‘बान्याक’ म्हणजे पुष्कळ हा ‘वञक’ असा येतो. तेव्हा ‘विनी’ ही आजची ‘बिनी’च आहे, आणि तिचे कूळ संस्कृत नसून ऑस्ट्रोनेशियन आहे. तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञ ‘बहि’ असा मूळ धातू धरतात, ज्याचा अर्थ मादी किंवा स्त्री, आणि त्याच्या पोटात ‘इन’ हा मध्यप्रत्यय घुसून ‘बिनहि’ हे रूप तयार झाले असे सांगतात. त्याच कुळातील ‘बिनीबिनी’ हा शब्द फिलिपिन्समध्ये कुमारीसाठी आदराने वापरला जातो, इतका की १९६४ पासून तेथील राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचे नावच ‘बिनीबिनिंग पिलिपिनास’ आहे. हवाईतील आणि न्यूझीलंडच्या माओरी भाषेतील ‘वाहिने’ ही स्त्री याच घराण्यातली दूरची बहीण. एकाच शब्दाच्या एका लेकीला मनिलात मुकुट चढतो आणि दुसरीला क्वालालंपूरमध्ये चारचौघांत नाव घ्यायची लाज वाटते.

आता ‘विनिञ’ या रूपातील शेवटच्या ‘ञ’कडे पाहावे. तो ‘त्याची’ किंवा ‘त्यांची’ हा अर्थ देणारा प्रत्यय आहे आणि तो आजही जसाच्या तसा जिवंत आहे. १९५८ च्या बायबलमधील शब्द नुसता ‘बिनी’ नसून ‘त्याची बिनी’ असा आहे, आणि त्या काळच्या इंडोनेशियन शुद्धलेखनानुसार त्याचा शेवट एन, जे आणि ए या तीन अक्षरांनी होत असे. १९७२ नंतरच्या नियमाने तोच शेवट एन, वाय, ए असा लिहितात. उच्चार तिन्ही काळांत एकच. पल्लव लिपीला जे एका अक्षरात साधले, देवनागरीतही ज्यासाठी ‘ञ’ तयार आहे, त्यासाठी रोमन लिपीला दोन अक्षरांची जोडी लागली आणि ती जोडी कोणती असावी यावर डच व इंग्रज यांचे एकमत झाले नाही. सहाशे चौऱ्याऐंशी सालचा पुण्यलेख आणि एकोणीसशे अठ्ठावन्न सालचा धर्मग्रंथ या दोहोंत मलय माणसाच्या बायकोला एकाच शब्दाने, त्याच प्रत्ययासह ओळखले आहे, ही गोष्ट मात्र लिपीच्या गोंगाटात कोणाच्या लक्षात येत नाही.

अथवा, स्वामी, स्त्री

‘इस्तेरी’ची साक्ष यानंतरची आहे. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरेंगानू येथील शिलास्तंभ, ज्याची तिथी सामान्यतः हिजरी ७०२ म्हणजे इ. स. १३०३ अशी धरली जाते, हा अरबी लिपीत लिहिलेल्या मलय भाषेचा, म्हणजे जावी लिपीचा, सर्वांत जुना मोठा नमुना होय. त्यावर इस्लामी दंडनियम कोरले आहेत. व्यभिचाराच्या कलमात अविवाहितांसाठी शंभर फटके आणि विवाहितांसाठी दगडांनी मृत्यू अशी शिक्षा सांगताना विवाहितांचे वर्णन ‘मेर्देका बेरइस्त्री अतावा पेरेम्पुआन बेरसुआमी’ असे केले आहे, म्हणजे बायको असलेला स्वतंत्र पुरुष अथवा नवरा असलेली स्त्री.

या एवढ्याशा तुकड्यात ‘इस्त्री’ ही स्त्री आहे, ‘सुआमी’ हा स्वामी आहे, ‘अतावा’ हे आपले ‘अथवा’ आहे आणि ‘मेर्देका’ हा शब्दही ‘महर्द्धिक’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. कायदा अरबस्तानातून आला, लिपी अरबी, देवाचा उल्लेख मात्र ‘देवता मुलिया राया’ असा, आणि नवराबायको दोघेही संस्कृत. धर्म बदलला म्हणून नातेवाचक शब्द बदलत नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

संस्कृतात ‘स्त्री’ म्हणजे बाई. मलय भाषेत ती बायको झाली. हा अर्थसंकोच परका वाटू नये. मराठीत ‘बायका’ म्हणजे स्त्रिया आणि ‘बायको’ म्हणजे पत्नी. जुन्या मराठीत ‘त्याची स्त्री’ म्हणजे त्याची पत्नीच. ज्या वचनापासून हे प्रकरण सुरू झाले, त्याच वचनाच्या प्रचलित मराठी भाषांतरात पुरुष ‘आपल्या स्त्रीशी’ जडून राहतो. मूळ हिब्रू ‘इश्शा’ या शब्दातही बाई आणि बायको हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘बिनी’च्या पोटातही तेच आहे, कारण तिचा धातू स्त्रीवाचक आहे. म्हणजे हिब्रू, मराठी आणि मलय या तिन्ही भाषांच्या अनुवादकांसमोर हा प्रश्न एकाच आकारात उभा होता.

मलय तोंडाने ‘स्त्री’ हा शब्द स्वीकारताना आधी ‘इ’ लावला, कारण स, त आणि र हे तीन व्यंजने एकदम शब्दाच्या आरंभी त्याला पेलवत नाहीत. आपल्याकडेही ओव्यांत आणि लोकगीतांत ‘अस्तुरी’ हे रूप आहे. तेथे आरंभी ‘अ’ लागला आणि मध्ये ‘उ’ शिरला. मलय बोलीने आरंभी ‘इ’ लावून मध्ये तो विरणारा स्वर घातला. दोन्हीकडची अडचण एक आणि तोडगाही एकाच जातीचा.

जावीतून रोमनमध्ये

जावी लिपीत हा शब्द अलिफ, सीन, ता, रा आणि या अशा पाच अक्षरांनी लिहिला जाई. विरणारा स्वर लिहिण्याची जुन्या जावीत सोय नव्हती, आणि आरंभीचा अलिफ अ, इ, ए किंवा उ यांपैकी काहीही असू शकतो. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्वदीर्घ जसे संदर्भाने लावावे लागते, तसेच हे. मलय वाचकाची त्यात काही अडचण होत नसे, कारण शब्द त्याच्या ओठावर होता. अडचण आली ती रोमन लिपीत उतरवून घेणाऱ्यांची, कारण त्यांना पाच अक्षरांच्या सांगाड्यात स्वर भरायचे होते. कोणी ‘इस्त्री’ भरले, कोणी ‘इस्तेरी’, आणि जावा बेटावर ज्यांचा कान तयार झाला होता त्यांना ‘एस्त्री’ ऐकू आले, कारण जावानीज भाषेच्या आदरार्थी थरात ‘एस्त्री’ हा बाईसाठीचा शब्द आहेच.

‘बिनी’चा मामला सोपा होता. बा, या, नून, या. दोन्ही स्वर जावीत लिहिलेले. त्यामुळे तिच्या रूपात वाद नाही, फार तर जुन्या डच हाताने शेवटच्या ‘ई’साठी आय आणि जे यांची जोडी किंवा वाय हे अक्षर घातलेले असू शकते.

मलय शब्द रोमन लिपीत टिपण्याचे काम सोळाव्या शतकात सुरू झाले. १५२१ साली मॅगेलनच्या सफरीतील पिगाफेटाने मोलुक्कस बेटांकडे असताना काहीशे मलय शब्दांची यादी केली. १६०३ साली हौटमन याचे डच-मलय संवादपुस्तक अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापले गेले. १७०१ साली बाउरी या इंग्रज दर्यावर्दी व्यापाऱ्याने पहिला इंग्रजी-मलय कोश काढला. या सगळ्यांनी स्वतःच्या भाषेच्या सवयीने लिहिले. ज्याने शिस्त आणली असे म्हणता येईल तो विल्यम मार्सडेन. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुमात्राच्या बेंकुलेन ठाण्यावर १७७१ ते १७७९ अशी आठ वर्षे काढून त्याने १८१२ साली जो कोश प्रसिद्ध केला, त्यात शब्दांचा क्रम अरबी लिपीनुसार लावला होता आणि शेजारी रोमन रूप दिले होते. माझ्या मते त्या काळातील हा सर्वांत प्रामाणिक मार्ग होता, कारण वाचकाला सांगाडा आणि भरलेले स्वर दोन्ही दिसतात आणि कोशकाराचा तर्क तपासता येतो. पुढच्या पिढ्यांनी जावी शब्द काढून टाकला तेव्हा ही तपासणीची वाटही बंद झाली.

मग १८२४ च्या अँग्लो-डच तहाने मलय जगाची दोन सत्तांत वाटणी पक्की केली आणि दोन शुद्धलेखने जन्माला आली. डच बाजूला व्हान ऑफुइझेन यांनी एंकू नवावी आणि मुहम्मद ताइब या दोन मलय जाणकारांच्या मदतीने १९०१ साली नियम घातले. ब्रिटिश बाजूला विल्किन्सन यांच्या पुढाकाराने १९०४ च्या सुमारास दुसरी पद्धत रूढ झाली, जी पुढे ‘झाबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जैनल अबिदिन बिन अहमद यांनी १९२४ पासून सुधारली. डच पद्धतीत ‘उ’साठी ओ-ई, ‘य’साठी जे, ‘च’साठी टी-जे, ‘ज’साठी डी-जे आणि ‘ञ’साठी एन-जे. ब्रिटिश पद्धतीत ‘उ’साठी यू, ‘य’साठी वाय, ‘च’साठी सी-एच आणि ‘ञ’साठी एन-वाय. १९४७ साली इंडोनेशियाचे शिक्षणमंत्री सुवांदी यांनी ओ-ई काढून यू आणला, आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी दोन्ही देशांनी एकाच दिवशी समान अक्षरव्यवस्था जाहीर केली.

या सर्व उलथापालथीत पत्नीवाचक शब्दांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘सुआमी’, ‘पेरेम्पुआन’, ‘गुंडिक’ आणि ‘पेरमाइसुरी’ यांच्या पोटात ‘उ’ असल्यामुळे डच काळात त्यांची रूपे आजच्या वाचकाला ओळखू येत नाहीत; ‘न्याई’ आणि ‘न्योन्या’ हे शब्द तर एन-जेमुळे मराठी माणसाने ‘नजाई’ आणि ‘नजोन्जा’ असे वाचावे असे दिसतात. ‘बिनी’ आणि ‘इस्तेरी’ यांच्यात मात्र वादाचे एकही अक्षर नव्हते. १९०१, १९०४, १९४७ आणि १९७२ या चारही वेळा नियम त्यांच्या अंगावरून गेले आणि फक्त शेपटीचा ‘ञ’ बदलला.

तरी आज मलेशियात ‘इस्तेरी’ प्रमाण आहे आणि इंडोनेशियात ‘इस्त्री’. १९७२ च्या कराराने अक्षरे एक केली, शब्दांची रूपे केली नाहीत. मलेशियाने मधला स्वर राखला, म्हणून तेथे ‘पुतेरा’, ‘पुतेरी’, ‘सास्तेरा’. इंडोनेशियाने संस्कृताशी जवळीक धरली, म्हणून तेथे ‘पुत्रा’, ‘पुत्री’, ‘सास्त्रा’. जावानीज जिभेला जोडाक्षरे जड जात नाहीत, हेही त्यामागे असावे. पण इंडोनेशियात ‘मेन्तेरी’ म्हणजे मंत्री या शब्दातील स्वर कायम आहे, तेव्हा नियमाच्या काटेकोरपणाचे कौतुक करण्याचे कारण नाही. १९७४ चे बायबल इंडोनेशियाचेच असूनही त्यात ‘इस्तेरी’ हे रूप आहे, कारण त्या वेळी तेथेही तेच प्रचलित होते. १९३० साली स्थापन झालेल्या ‘जागृत स्त्रिया’ या अर्थाच्या संघटनेचे नाव कागदोपत्री कधी ‘इस्त्री सेदार’ तर कधी ‘इस्तेरी सेदार’ असे आढळते, आणि ते दोन संस्थांचे नाव समजणारा अभ्यासक फसतो.

‘बिनी’ खाली का आली

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. १९५८ च्या आवृत्तीतील जुना करार क्लिंकर्ट या मेनोनाइट नावाच्या प्रॉटेस्टंट पंथातील डच मिशनऱ्याच्या १८७९ च्या अनुवादातून घेतला आहे. क्लिंकर्टला जावातील बाजारी मलय येत होतीच, परंतु ती अपुरी वाटल्यामुळे तो रिआऊ बेटांत राहून तेथील लेखी मलय शिकून आला. रिआऊ म्हणजे मलय दरबारी परंपरेचे माहेरघर. अशा माणसाने धर्मग्रंथात ‘बिनी’ लिहिली, ती शब्दांच्या तुटवड्यापोटी किंवा बाजारी सवयीने लिहिली असे म्हणणे टिकत नाही. त्याच्या काळात तो साधा, सरळ, घरचा शब्द होता. ‘अनाक बिनी’ म्हणजे बायकामुले आणि ‘लाकी बिनी’ म्हणजे नवराबायको हे जोडशब्द जुन्या मलय गद्यात विनासंकोच येतात, आणि जुन्या जावानीज भाषेत तर राजाच्या पत्नीला ‘बिनिहाजी’ म्हणत, ज्यात ‘हाजी’ म्हणजे राजा.

घसरण नंतरची आहे आणि ती एकट्या ‘बिनी’ची नाही. ‘लाकी’ म्हणजे नवरा हाही शब्द तिच्यासोबत खाली आला आणि ‘सुआमी’ने त्याची जागा घेतली. एकेकाळी माणसांनाही लागणारा ‘बेतिना’ हा स्त्रीवाचक शब्द आज जनावरांच्या मादीपुरता उरला आहे. म्हणजे देशी शब्दांची अख्खी रांग एक पायरी उतरली आणि वरच्या पायरीवर संस्कृत शब्द बसले. तलांग तुवोच्या लेखात ‘विनी’ ही वस्तुस्थिती आणि ‘भार्या’ ही पदवी होती. ‘भार्या’ पुढे मलय भाषेतून नाहीशी झाली, परंतु तिची जागा रिकामी राहिली नाही. विसाव्या शतकात छापील पाठ्यपुस्तके, सरकारी नोंदी आणि वर्तमानपत्रे यांना एकच सभ्य शब्द हवा होता तेव्हा त्यांनी ‘इस्तेरी’ निवडली, आणि जी निवडली गेली नाही ती आपोआप गावंढळ ठरली. मराठीत ‘बाईल’चे हेच झाले. संतांच्या अभंगांत जी सरळ पत्नी आहे, ती आज ‘बाईलवेडा’ या टोमण्यात तेवढी शिल्लक आहे.

जेथे ही प्रमाणभाषेची चाळणी तितकी बारीक नव्हती, तेथे ‘बिनी’ अजून ताठ उभी आहे. जकार्ताच्या बेतावी बोलीत आणि दक्षिण बोर्निओच्या बंजार बोलीत ती रोजची बायको आहे. बंजारमध्ये ‘बिबिनियान’ म्हणजे स्त्रिया, आणि ब्रुनेईच्या मलय बोलीत ‘बिनीबिनी’ म्हणजे बाई. त्याच ब्रुनेईत सुलतानाच्या पट्टराणीचा अधिकृत किताब ‘राजा इस्तेरी’ आहे. तलांग तुवोची वाटणी आजही एखाद्या राज्यात कशी दिसते हे पाहायचे असेल तर ब्रुनेईकडे पाहावे.

तेव्हा वसाहतकाळातील न्यायालयीन जबानीत, जमाखर्चात किंवा मिशनऱ्यांच्या पत्रात ‘बिनी’ आली की लेखकाच्या तोंडी तुच्छता घालू नये. तुच्छता असेलच तर ती वाक्यातील इतर शब्दांवरून सिद्ध करावी लागेल. सभ्य माणसांना त्या काळी आडून बोलायचे झाले तर त्यांच्याकडे ‘ओरांग रूमा’ होतीच, म्हणजे शब्दशः घरचे माणूस. हा वाक्प्रचार आजही चालतो, आणि ‘आमचे कुटुंब’ किंवा ‘आमची मंडळी’ म्हणून बायकोचा उल्लेख करणाऱ्या पिढीतील मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

बायको नसलेल्या बायका

कागद वाचताना खरा गोंधळ करतात ते आणखी काही शब्द. राजघराण्यात ‘पेरमाइसुरी’ म्हणजे परमेश्वरी ही पट्टराणी, ‘गुंडिक’ ही दुय्यम किंवा ठेवलेली स्त्री, आणि आईबाप दोन्हीकडून राजरक्ताचे असलेल्याला ‘गहारा’ म्हणत. गादीच्या वादात ‘गहारा’ पत्नीचा मुलगा आणि ‘गुंडिक’चा मुलगा हा भेद निर्णायक ठरत असे. सवतीला ‘मादू’ म्हणतात, आणि योगायोग असा की मधालाही ‘मादू’च म्हणतात. सवतीच्या नात्याला मधाचे नाव ठेवणारी भाषा उपरोधिक म्हणावी की भोळी, हे मी वाचकावर सोपवतो.

‘न्योन्या’ म्हणजे युरोपीय किंवा चिनी घरातील विवाहित बाई. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘दोना’कडे नेतात. मलाक्का १५११ ते १६४१ पोर्तुगीजांकडे होते आणि त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत चाले, त्यामुळे असे शब्द तेथे रुजणे स्वाभाविक होते. ‘न्याई’चे मात्र दोन चेहरे आहेत. जावात आणि त्या बेटाच्या पश्चिमेकडील सुंदा प्रदेशात ती आदराची पदवी आहे. १९१७ साली ‘आइसियाह’ ही मुस्लिम महिला संघटना उभारणाऱ्या सिती वालिदा या ‘न्याई अहमद दहलान’ म्हणूनच ओळखल्या जातात. त्याच काळात डच अधिकाऱ्याच्या किंवा मळेवाल्याच्या घरात लग्नाविना राहणाऱ्या, त्याचे घर सांभाळणाऱ्या आणि त्याची मुले वाढवणाऱ्या देशी बाईलाही ‘न्याई’ म्हणत. कायद्याच्या दृष्टीने ती ‘इस्तेरी’ नव्हती, आणि साहेब मायदेशी परतला की मुलांवरही तिचा हक्क उरत नसे. एन-जे-ए-आय या चार अक्षरांवरून कोणती ‘न्याई’ समोर आहे हे कळत नाही. शेजारी पुरुषाचे नाव कोणते आहे, ते पाहावे लागते.

उलट दिशेची फसगतही होते. १६ जानेवारी १९०४ रोजी देवी सार्तिका यांनी बांडुंगमध्ये मुलींसाठी शाळा काढली आणि तिचे नाव ‘साकोला इस्त्री’ ठेवले. जकार्ताच्या प्रमाण इंडोनेशियन भाषेने हे नाव वाचले तर ‘पत्नींची शाळा’ असा अर्थ निघतो, आणि मुलींना चांगली गृहिणी बनवण्याचा तो वर्ग असावा असे वाटू लागते. पण नाव सुंदानीज भाषेतील आहे, आणि सुंदानीज भाषेत ‘इस्त्री’ म्हणजे बायको नव्हे, बाई. संस्कृतातला मूळ अर्थ तिने सोडलेलाच नाही. या नावाचे मराठी ‘बायकांची शाळा’ असेच होईल.